मानाचं कॅरेट

नवनाथ : कॅरेट गाडीतच हाय, मॅडम. पण ते राहू द्या गाडीतच.

शुभांगी : राहू द्या कसं? स्टेजवर मधोमध जागा मोकळी ठेवलीय त्याच्यासाठी. एका बाजूला आमच्या सरांची खुर्ची, एका बाजूला पाहुण्यांची. मध्ये तुमच्या टोळीतल्या भागीबाई, त्यांच्या कॅरेटवर. फोनवर सगळं ठरलं होतं आपलं.

नवनाथ : ठरलं होतं. पण द्राक्षं भरायचं प्लास्टिकचं खोकं ते, लय कळकट हाय. एक कोपरा फुटलाय. बुडाला द्राक्षाचा चिकटा बसलाय.

शुभांगी : मला तसंच हवंय. अस्सल.

नवनाथ : अस्सल. हां.

शुभांगी : भाऊ, वीस मिनिटं राहिलीत. साडेतीन वर्षांचं काम आज पहिल्यांदा लोकांपुढे मांडतेय. पुण्याहून माणसं आलीत. पत्रिकेवर काय छापलंय वाचलंत ना? ‘मानाचं कॅरेट : द्राक्षबागेतल्या बायांची जेवणाची सुट्टी’. आणि तुम्ही म्हणताय कॅरेटच नको.

नवनाथ : दुसरं बोला ना कायतरी. एवढा मोठा ग्रंथ लिहिलाय तुम्ही. बाया गोल बसत्यात, डबे एकदम सोडत्यात, आपली भाजी दुसरीला दिल्याशिवाय कोणी घास घेत नाय. ते काय कमी हाय का? शंभर नंबरी खरं हाय ते.

शुभांगी : ‘ते खरं हाय’ म्हणजे काय?

नवनाथ : कुठं काय. बोलायची पद्धत. पाणी घ्या तुम्ही. तुमच्याकडं पण बाटल्या लय बारक्या, दोन घोटात खल्लास.

शुभांगी : भाऊ, तुम्ही आज असे का वागताय? सकाळपासून तुमचा एक जोक नाही. बायांना गाडीतून उतरवलंत तेव्हाही गप्प. मला वाटलं गाडी बंद पडली की काय वाटेत.

नवनाथ : गाडी झकास. परवाच सातपूरला नेऊन क्लचप्लेट टाकली. मॅडम, एक गंमत सांगू?

शुभांगी : आत्ता?

नवनाथ : आत्ताच. तुमच्याआधी एक पोरगा आला व्हता आमच्या गावात. सर्वेला. टॅब घेऊन. मला इचारतो, काका, घरात वाहन कोणतं? म्हणलं, बोट.

शुभांगी : बोट? निफाडला?

नवनाथ : तो बी असाच बघाया लागला. म्हणलं, बाबा, गोदावरीला पूर आला का लागती. वर्षभर गोठ्यात उभी असती, म्हैस टेकती तिला. त्यानं लिहून घेतलं. वर इचारतो, डिझेलवर का वल्ह्यावर? म्हणलं, वल्ह्यावर, पण वल्हं शेजाऱ्यानं नेलंय. ते बी लिहिलं.

शुभांगी : बिचारा. म्हणजे सरकारी कागदावर तुमच्या गावात एक बोट आहे.

नवनाथ : हाय की. अजून हाय. आठ दिवस पारावर तेच चाललं व्हतं. मंगळू तर हसून हसून पारावरनं खाली पडला.

शुभांगी : नशीब माझं, माझ्याशी असं कधी केलं नाहीत.

नवनाथ : तुमच्या त्या ग्रंथात, मॅडम...

शुभांगी : भाऊ?

नवनाथ : त्या लोणच्याचं पान काढलंय का तुम्ही? का हाय अजून?

शुभांगी : कुठलं लोणचं? लोणच्याची उलटी फेरी? भाजी उजवीकडून फिरते आणि लोणचं डावीकडून, कारण डावी बाजू माहेरची? दोन पानं आहेत त्यावर.

नवनाथ : दोन? मी तर दोन मिनटंच बोललो व्हतो.

शुभांगी : नवनाथभाऊ.

नवनाथ : लोणचं कसं बी फिरतं हो. जिच्या हातात बरणी, ती जिला पाहिजे तिला देती. तुम्ही वही घेऊन एवढ्या आशेनं बघत व्हत्या, मला राहवलं नाय.

शुभांगी : बरं. ठीक आहे. दोन पानं गेली. ती मी आज बोलणारच नव्हते. खुर्ची द्या ती जरा. आता मला नीट सांगा, कॅरेट गाडीतच का राहू द्यायचं?

नवनाथ : तुम्ही चिडाल.

शुभांगी : चिडायला वेळ नाहीये माझ्याकडे.

नवनाथ : मान नाय तो.

शुभांगी : काय?

नवनाथ : भागीमावशी कॅरेटवर एकटी बसती, तो मान नाय. अशी काय रीत नाय आमच्याकडं. कोणाच्याच बागेत नाय. तुम्ही दहा टोळ्या फिरल्या, दुसरीकडं दिसलं का कुठं?

शुभांगी : नाही दिसलं. म्हणून तर मी लिहिलं की ही दुर्मीळ प्रथा आहे. टोळीतल्या सगळ्यात जुन्या बाईला वेगळं आसन, ती जमिनीवर बसत नाही, गाडीतसुद्धा तिला पुढची सीट. तुम्ही सांगितलंत. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. तुमच्याच आवाजात आहे.

नवनाथ : असंल. आवाज माझाच असंल.

शुभांगी : मग का बसतात त्या वेगळ्या?

नवनाथ : बाया तिला बसू देत नाय गोलात. चोर म्हणत्यात तिला.

शुभांगी : भागीबाईंना?

नवनाथ : चार वर्षं झाली. तुम्ही पहिल्यांदा आल्या त्याच्या आदल्या हंगामातली गोष्ट. पूजाचा मोबाईल गेला बागेत. नवी नवरी ती, भावानं भाऊबीजेला घेऊन दिलेला फोन. रडून लाल झाली पोरगी. मग सगळ्यांच्या पिशव्या बघितल्या. तर तो मावशीच्या डब्याच्या फडक्यात निघाला, भाकरीच्या खाली. पूजाच्या सासूनं तिथंच तिचा डबा मातीत उपडा केला. तवापासून तिच्याशी कोणी भाजी बदलत नाय. एक उपडं कॅरेट पडलं व्हतं बांधाला, त्याच्यावर जाऊन बसली म्हातारी. ती तिथंच.

शुभांगी : देवा. आणि मी तिथे जाऊन फोटो काढले. चोरीबद्दल वाळीत टाकलेल्या बाईचे. कव्हरवर टाकला एक.

नवनाथ : चोरी नाय केली तिनं.

शुभांगी : फोन त्यांच्या डब्यात सापडला म्हणालात ना आत्ता.

नवनाथ : सापडला. मी ठेवला व्हता.

शुभांगी : तुम्ही?

नवनाथ : गंमत, मॅडम. गंमत व्हती. माझ्या डोक्यात असं, जेवायच्या टायमाला मी पूजाचा नंबर लावणार, आणि म्हातारीच्या भाकरीतनं गाणं वाजणार. सगळ्या हसणार. म्हातारी घाबरून भाकर फेकणार. एवढंच. पण फोनची बॅटरी उतरली. गाणं वाजलंच नाय. आणि पूजानं आधीच रडाया सुरवात केली.

शुभांगी : मग तिथल्या तिथे सांगायचं ना.

नवनाथ : तोंड उघडलं व्हतं मी. देवाशपथ उघडलं व्हतं. पण डबा उपडा झालेला, बागवाला कुंदनशेठ धावत आलेला, आणि पूजाची सासू म्हणाली, बाईमाणसाच्या पिशवीत हात घालतो तो माणूस का जनावर. मावशीला म्हणाली ती, पण मला तेवढंच ऐकू आलं. मी मुकादम, मॅडम. बारा घरच्या लेकीसुना माझ्या गाडीत बसत्यात. मुकादम बायांच्या पिशव्या उचकतो असं एकदा झालं असतं, तर दुसऱ्या दिवशी एक बाई गाडीत चढली नसती.

शुभांगी : म्हणून भागीबाईंना रोज गाडीत चढू दिलंत. चोर म्हणून.

नवनाथ : म्हणून केबिनमधी बसवतो तिला पुढं. मागं बाया बोलत्यात टोचून.

शुभांगी : आणि मला सांगितलंत, मानाची सीट.

नवनाथ : तुम्ही इचारलं ना. तिच्यासमोर इचारलं. भाऊ, ह्या आजी वेगळ्या का बसल्यात? आता तिच्या तोंडावर काय सांगू? तोंडातनं निघालं, मान हाय तो. माझं असंच हाय, मॅडम. खोटं आधी निघतं, मी मागनं पळतो.

शुभांगी : मला एक सांगा. हे आजच का? माझा शोधनिबंध छापून आला वर्षापूर्वी. तेव्हा मी तुम्हाला पेढे पाठवले होते.

नवनाथ : खाल्ले मी. गोड नाय लागले, पण खाल्ले.

शुभांगी : आजच का?

नवनाथ : सकाळी गाडीत मागं बाया खिदळत व्हत्या. मला वाटलं नाशिकला चालल्या, खूश असतील. चांदोरीला चहाला थांबलो तवा पूजा म्हणती, मुकादम, मानलं तुम्हाला, आतापर्यंतची सगळ्यात भारी गंमत. म्हणलं, कसली? तर म्हणती, चोरटीला स्टेजवर बसवायची, ते बी तिच्याच कॅरेटवर. आम्ही टाळ्या वाजवू बरोबर टायमाला. त्यांना वाटतंय हे मी हसायला केलंय, मॅडम. तिसऱ्या रांगेत बसल्यात सगळ्या, पदर तोंडात धरून. तुम्ही तिला वर बसवली, मानाचं म्हणाल्या, की त्या हसणार. पुण्याची माणसं बघणार. आणि म्हातारी तिथं मधोमध.

शुभांगी : थांबा. सरांचा फोन. हो सर. हो, पोचल्यात त्या. पाच मिनिटं सर, माईकचं चालू द्या. हो. नाही, काही नाही. हो.

नवनाथ : काय म्हणाले?

शुभांगी : म्हणाले, त्या मानाच्या आजी कुठायत, त्यांना आधी चहा द्या.

(दार अर्धवट उघडंच आहे. नवं लुगडं नेसलेली भागीबाई डब्याची पिशवी पोटाशी धरून आत येते.)

भागीबाई : चहा झाला माझा. दोनदा दिला. बिस्किटं बी दिली, ती पिशवीत ठेवलीत.

नवनाथ : मावशी. कधी आली तू?

भागीबाई : बोटीपासनं उभी हाय.

शुभांगी : बसा ना, भागीबाई. इथे बसा. ही खुर्ची घ्या.

भागीबाई : उभी बरी हाय.

नवनाथ : मावशी, मी काय म्हणतो, मी तुला...

भागीबाई : मला ठाऊक हाय.

नवनाथ : काय ठाऊक हाय?

भागीबाई : फोन तू ठेवला ते.

नवनाथ : कधीपासनं?

भागीबाई : त्याच दिवशी. डब्याच्या फडक्याला मी साधी गाठ मारती, दोन कान वर ठेवून. त्या दिवशी पिशव्या बघताना सोडाया गेली तर सुटंना. तू ताडपत्रीच्या दोरीला मारतो ती गाठ व्हती. ठराविक एकच पदर ओढला का मोकळी व्हणारी. टोळीत दुसऱ्या कोणाला येती ती?

शुभांगी : आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?

भागीबाई : कोणाला दाखवू गाठ? फोन निघाल्यावर गाठ कोण बघतं, बाई. आणि मला वाटलं, हा सांगंल. हसतो, खिदळतो, पण पोरगं वाईट नाय. सांजच्याला सांगंल. मग वाटलं, गुरवारच्या बाजाराला सगळ्या एका जागी भेटतील, तवा सांगंल. मग बाग खाली झाली. मग दुसरी छाटणी आली. रोज गाडीत चढताना ती ताडपत्री बघायची मी. तीच गाठ.

नवनाथ : मला शिव्या घाल, मावशी. हाण एक.

भागीबाई : त्यानं तुला बरं वाटंल. मला काय?

शुभांगी : भागीबाई, चूक माझीही आहे. मी अभ्यास करायला आले होते तुमच्याकडे. मीच तुम्हाला विचारलं नाही.

भागीबाई : इचारलं की. माझ्यासमोर ह्याला इचारलं.

शुभांगी : हो.

भागीबाई : मी डबा घेऊन बसलेली, तुम्ही माझ्याकडं बोट केलं, आणि तोंड ह्याच्याकडं.

शुभांगी : माझ्या वहीत तुमच्या नावापुढे काय लिहिलंय सांगू? ‘भिडस्त आहेत. माहिती मुकादमांकडून घेतली.’ मला वाटलं तुम्ही लाजाळू आहात. भाऊ भरभर बोलायचे, मला भरभर लिहायला मिळायचं. मला हवं तेच देणारा माणूस मिळाला, मी कशाला पुढे विचारतेय.

भागीबाई : तुम्हालाच कशाला बोलू. मी बी गप बसली ना. तवा म्हणली असती, नाय बाई, असा काय मान नाय, तर तुमचं बी वाचलं असतं.

नवनाथ : मग का नाय म्हणली, मावशी?

भागीबाई : बरं वाटलं मला.

नवनाथ : काय?

भागीबाई : आता ह्या वयाला खोटं कशाला बोलू. मान म्हणला तू, ह्या बाईनं ते लिहून घेतलं, माझ्याकडं बघून हात जोडले. त्या दिवशी भाकर गोड लागली मला. कोरडीच व्हती. सहा महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवली मी त्या कॅरेटवर. मग रोज मनाशी म्हणायची, मानाचं हाय. बायांना ठाऊक नाय, पण पुस्तकात लिहिलंय. लाज वाटायची तशी म्हणताना. तरी म्हणायची.

शुभांगी : आज लुगडं नवं घेतलंत.

भागीबाई : सुनेचं हाय. ती म्हणली, कुठं चाललात, सत्काराला का? हो म्हणली मी. बघा आता.

नवनाथ : मॅडम, मला माईक द्या.

शुभांगी : कशाला?

नवनाथ : सगळं सांगतो. सगळ्यांसमोर. पुण्याच्या माणसांसमोर, तुमच्या सरांसमोर. बायका बी तिथंच हायती. कान पकडतो स्टेजवर. फोटो काढू द्या माझा, छापू द्या.

भागीबाई : नको.

नवनाथ : का नको? आता सांगतो म्हणतोय तर.

भागीबाई : तू चांगला बोलतो. दोन मिनटात लोक हसतील, मग डोळं पुसतील, मग टाळ्या पडतील. माणूस मोठ्या मनाचा हाय म्हणतील. तुला टाळ्या, आणि मी परत कॅरेटवर. ह्या लोकांनी कुठं माझा डबा उपडा केला, त्यांना सांगतो ते?

शुभांगी : बरोबर आहे.

भागीबाई : तुम्ही काय बोलणार आता, बाई? माझ्यामुळं तुमचं नुकसान.

शुभांगी : तुमच्यामुळे नाही. मी उभी राहून सांगेन की आजच्या व्याख्यानाचं जे नाव आहे, ते मागे घेतेय. त्या प्रकरणात मी जिच्याबद्दल लिहिलं, तिलाच विचारलं नव्हतं. शोधनिबंध छापला त्यांनाही कळवेन. तुमचं नाव घेणार नाही. भाऊंचंही नाही. माझंच घेईन.

भागीबाई : रागावतील तुमचे सर?

शुभांगी : रागावतील. पुण्याचे लोक चहा पिताना बोलतील. एक-दोन वर्षं बोलतील.

भागीबाई : सवय व्हती, बाई. पण व्हायला नको.

नवनाथ : आणि मी, मावशी? मी काय करू? उद्या चिमाजी तात्याच्या बागेत थिनिंगला, घडातले मणी विरळायला जायचंच हाय, उद्या जेवायच्या सुट्टीत सांगतो सगळ्यांना.

भागीबाई : तुझं उद्या चार वर्षांचं हाय.

नवनाथ : मग?

भागीबाई : हे संपल्यावर बाया इथलं जेवायच्या नाय. डबे आणलेत सगळ्यांनी. गाडीपाशी त्या लिंबाखाली बसणार. तिथं सांग. डबे सोडायच्या आधी.

नवनाथ : आधी? उपाशीपोटी लय खवळतील, मावशी. जेवणं झाल्यावर...

भागीबाई : जेवल्यावर माणूस लवकर माफ करतं. आधीच सांग.

नवनाथ : पूजाचा नवरा एक बाई माझ्या गाडीत चढू देणार नाय. गाडी बंद पडंल माझी.

भागीबाई : पडंल. मी येईन की गाडीत. केबिनमधी सवय झालीय आता.

शुभांगी : भागीबाई, स्टेजवर यायचं नाही तुम्ही. पण तुम्हाला कुठे बसायला आवडेल? पुढे पहिल्या रांगेत जागा आहे. किंवा कडेला.

भागीबाई : तिसऱ्या रांगेत बसती. त्यांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी दिसली.

शुभांगी : त्या हसतील कदाचित.

भागीबाई : तासाभराचंच हाय.

शुभांगी : झालं की मी येऊ का लिंबाखाली? वही नाही आणणार. रेकॉर्डर पण नाही.

भागीबाई : या. डबा नसंल तुमचा. माझ्यातली भाकर देईन. आणि काय इचारायचं असंल तर माझ्याकडं बघून इचारा.

नवनाथ : मावशी, मी सांगितल्यावर त्या बोलावतील ना तुला गोलात?

भागीबाई : त्यांचं त्यांना ठाऊक. बोलावलं तर जाईन. नाय बोलावलं तर ही बाई हाय, आम्ही दोघी बसू.

नवनाथ : आणि मला? मला तर त्या कोणीच जवळ बसू देणार नाय.

भागीबाई : नाय देणार.

नवनाथ : मग मी डबा कुठं सोडू?

भागीबाई : कॅरेट गाडीतच हाय म्हणला ना? काढून ठेव खाली. बसाया चांगलं हाय ते. फुटका कोपरा तेवढा मागं घे, मांडीला लागतो.